मांडणीत मजूर कोठे आहे?



या व्यासपीठावर बोलावणे आले तेव्हा आमची अशी समजूत झाली की किमान वेतन, हमाल-मापाडी किंवा नव्या कामगार संहिता यांपैकी एखाद्या गोष्टीवर बोलावयाचे असेल. चालकांनी विषय दिला तो ‘कला आणि समाज’. आम्ही म्हटले, अहो, आमचा कलेशी संबंध आला तो भिंतीवर घोषणा रंगविण्यापुरता. आणि तेथेही आमचे अक्षर इतके गचाळ की सोबती ब्रश हाती लागू देत नसत. चालक हसले आणि म्हणाले, मग तेच सांगा. आता त्यांनीच ओढवून घेतले आहे, तेव्हा आपण सोसावे.

आम्ही सातवीनंतर शाळा सोडली आणि सरकी-रुईच्या धंद्यात शिरलो. पुढे जे काही वाचले ते नगरपालिकेच्या वाचनालयात, रात्रपाळी नसेल त्या दिवशी. त्यामुळे कलेचे शास्त्र आम्हांला विचारू नये. एका चित्रकाराचे काम आमच्या वाचनात आणि पाहण्यात आले, त्याने आम्हांला आमचीच एक चूक दाखवून दिली, ती हकीकत तेवढी सांगावयाची आहे. परंतु त्या चित्रकाराकडे जाण्याआधी भेंडवळला जाऊन यावे लागेल.

चार-आठ दिवसांत अक्षय्य तृतीया येईल. त्या सायंकाळी आपल्याच जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला, गावाबाहेरच्या शेतात घटमांडणी होईल. आपल्यापैकी पुष्कळांनी ती पाहिली असेल. शेतात गोल आखतात. त्याच्या कडेने गहू, ज्वारी, तूर, मूग, उडीद, हरभरा, तीळ, जवस, सरकी अशी अठरा धान्ये मांडतात. मधोमध खड्डा. त्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार मातीची ढेकळे, त्यांवर पाण्याची घागर, घागरीवर पापड, कुरडई, भजे, वडा, करंजी. पान-सुपारी म्हणजे राजा, करंजी म्हणजे खजिना. रात्रभर तेथे कोणी थांबावयाचे नाही. पहाटे जाऊन पाहावयाचे की कोणता दाणा हलला, कोणते ढेकूळ किती भिजले. त्यावरून वर्षाचे भाकीत. ही चाल साडेतीनशे वर्षांची म्हणून सांगतात, आणि पहाटेच्या अंधारात खानदेशापासून वऱ्हाडापर्यंतचे शेतकरी तेथे उभे असतात.

भाकितावर आमचा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकतो. ढेकळाला विचारून पाऊस पडत नाही, आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या मंडळींनी घेतलेले आक्षेप आम्हांला पटतात. तरीही आम्ही तीन वेळा भेंडवळला गेलो, आणि तिन्ही वेळा त्या मांडणीपुढे आमचे पाय खिळले. शहरातल्या चित्रशाळांत अलीकडे ‘मांडणशिल्प’ नावाचा एक प्रकार असतो. चौकटीतले चित्र नव्हे, दगडातली मूर्तीही नव्हे. माती, कापड, लाकूड, दिवा, सावली, जे हाताशी असेल ते जागेवर मांडून त्यातून अर्थ उभा करावयाचा. सुशिक्षित माणसे त्यापुढे गोंधळून उभी राहतात आणि म्हणतात, हे आम्हांला समजत नाही. भेंडवळचा शेतकरी मात्र करंजीत खजिना आणि ढेकळात आषाढ वाचतो. वस्तूंची भाषा आपल्याकडे घरोघर आहे. रांगोळी, चौक, पोळ्याचे तोरण, गुढीवर पालथा घातलेला तांब्या ही सारी तीच भाषा.

तिसऱ्या खेपेला मात्र आमच्या डोक्यात एक किडा वळवळू लागला. अठरा धान्ये आहेत, पाऊस आहे, राजा आहे, खजिना आहे. यात मजूर कोठे आहे? सरकीचा दाणा आहे. तो ज्या बोंडातून निघाला ते बोंड वेचणारी बाई कोठे? आम्ही पुष्कळ शोधले, पण तिची खूण काही आमच्या दृष्टीस पडली नाही. मांडणाऱ्यांचा हा दोष आहे असे नव्हे. मजुराला कोणता जिन्नस लावावा हा प्रश्नच कधी कोणाला पडला नसेल. आम्हांलाही पन्नाशी उलटल्यावर पडला.

आता चित्रकाराकडे वळतो. प्रभाकर पाचपुते हे त्यांचे नाव. जन्म १९८६ चा, चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्ती गावचा. सास्ती म्हणजे राजुरा तालुक्यातले कोळशाच्या खाणीचे गाव. घरातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या खाणीशी बांधलेली. शेती होती तिच्या पोटाखाली कोळसा, आणि ज्याच्या शेताखाली कोळसा निघतो त्याचे शेत टिकत नाही, हे चांद्याकडच्या माणसाला सांगावे लागत नाही. पाचपुते यांनी खैरागडच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयात शिल्पकला शिकली, मग बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून २०११ साली पदव्युत्तर शिक्षण पुरे केले. शिक्षण मूर्तीचे, आणि हाती घेतला कोळसा. भिंतीवर कोळशाने अजस्र चित्रे काढावयाची, त्यांपुढे मातीची किंवा लाकडाच्या फळीतून कापलेली माणसे उभी करावयाची, कधी तीच रेघ चलच्चित्रात हलती करून भिंतीवर सोडावयाची, अशी त्यांची रीत आहे.

येथे एखादा खाणकामगार हटकेल की चित्र काढण्याचा कोळसा लाकडाचा, खाणीतला नव्हे. खरे आहे. पण दोन्ही हात सारखेच काळे करतात.

चांदा आपल्याला लांबचा वाटतो. तसा तो नाही. रात्री शेगाव, नांदुरा, मलकापूर या बाजूला रुळाकाठी निजणाऱ्यांना मालगाडीचा खडखडाट ऐकू येतो. शेजारी पारसचे वीजकेंद्र आहे, पलीकडे भुसावळजवळ दीपनगरचे, आणि दोन्ही कोळशावर चालतात. हा मांडवातला पंखा फिरतो आहे तोही बहुतांशी कोणीतरी कोळसा खणल्यामुळेच. आणखी मागे गेलात तर जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला १८७० साली, कापसासाठी. वरोऱ्याची कोळशाची खाण सुरू झाली त्याच सुमारास. साहेबाला येथून रुई हवी होती, तेथून कोळसा. वऱ्हाडची गठाण आणि चांद्याचा कोळसा ही एकाच हिशेबाच्या वहीतली दोन पाने आहेत.

पाचपुते यांचे पहिले मोठे प्रदर्शन मुंबईला २०१२ साली क्लार्क हाउस येथे झाले. त्याच्या नावात खाणीतला कॅनरी पक्षी होता. विलायतेत खाणीत उतरताना पिंजऱ्यातून हा पिवळा पक्षी नेत असत. विषारी वायू साचला तर तो आधी कोसळे, आणि माणसांना पळावयाला तेवढा वेळ मिळे. ब्रिटनने ही चाल १९८६ साली बंद केली. आमच्या जिनात पक्षी नव्हता. रुईच्या धुळीने कोणाचा दम आधी उखडतो यावरून आम्ही ओळखत असू की हवा किती वाईट झाली आहे.

एका रविवारी आमच्या युनियनच्या खोलीत एका तरुण शिक्षकाने भिंतीवर चादर लावून ही चित्रे आम्हांला दाखविली. वीस-पंचवीस माणसे होती, बहुतेक जिनातली आणि बाजार समितीतली. चित्रांत माणसे आहेत, राबणारी, वाकलेली. परंतु पुष्कळांना डोके नाही. डोक्याच्या जागी दिवा, कोठे यंत्राचा भाग, कोठे एखादे अवजार. काहींचे अंग जमिनीतून निघाल्यासारखे, कोठे बैल आणि माणूस आणि यंत्र यांचा एकच देह झालेला. थोडा वेळ कोणी बोलेना. मग मागून एक जुना गठाण बांधणारा म्हणाला, "भाऊ, मंग आमचं डोक्सं कुठी गेलं?"

रागाने विचारले होते त्याने. हा आपला अपमान आहे, असे त्याचे म्हणणे. आम्हांलाही क्षणभर तसेच वाटले. आमच्या पिढीने भिंतीवर कामगार काढला तो नेहमी मूठ उगारलेला, छाती पुढे आलेली, चेहऱ्यावर उजेड पडलेला. हे डोके नसलेले प्रकार आम्हांला परके. तेव्हा दुसरा एक बोलला. तो म्हणाला, "अरे, हजेरीले तुयं डोक्सं कोनी मांगतलं होतं? हातच तं मांगतले." खोलीत खसखस पिकली, पण तो बरोबर बोलला होता. आम्हांला मस्टरवर नंबर होता. तीस वर्षे मालकाने हात भाड्याने घेतले. त्या हातांच्या वर जे होते त्याची चौकशी झाली नाही. चित्रकाराने डोके कापले नव्हते, ते कोठे गेले हे विचारावयाला त्याने आम्हांला भाग पाडले. वाद तासभर चालला. पहिला गृहस्थ शेवटपर्यंत मानला नाही, आणि त्यालाही काही आधार आहे असे आम्हांला अजून वाटते. मुठी उगारलेल्या त्या जुन्या चित्रांनी आम्हांला संपाच्या दिवसांत ताठ उभे केले होते. ते ऋण आम्ही विसरणार नाही.

आमचीही एक तक्रार आहे. ही कामे चित्रशाळांत लागतात. तेथे गार हवा असते, दारावर पहारेकरी असतो, आणि ज्याचे चित्र भिंतीवर आहे तो माणूस चप्पल हातात घेऊन आत शिरावे की नाही या विचारात फाटकाशी उभा राहतो. १९३६ च्या डिसेंबरात आपल्या शेजारी फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले पहिले. त्याची सजावट नंदलाल बोस यांनी केली, बांबू आणि तिथलेच साधे सामान घेऊन. ते काम खेडुतांनी फुकट पाहिले, अंगाखांद्याशी पाहिले. तशी सोय आज का नसावी? पाचपुते यांची भिंतीवरची चित्रे तर प्रदर्शन संपले की पुष्कळदा पुसली जातात. पहिल्यांदा ऐकले तेव्हा आम्ही हळहळलो. मग आठवले की भेंडवळची मांडणीही सकाळी मोडते.

२०१८ च्या अखेरीस कोचीला जे द्वैवार्षिक प्रदर्शन भरले त्यात पाचपुते यांनी शेतकऱ्यांच्या मोर्च्यांवर काम मांडले. त्याच वर्षी मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला किसान सभेचा मोर्चा गेला होता, ६ तारखेला निघून १२ ला पोचला, सुमारे १८० किलोमीटर, पायी. मुंबईत शिरल्यावर दहावीच्या मुलांच्या परीक्षेला अडथळा नको म्हणून ती माणसे रात्रीच उठून आझाद मैदानाकडे चालली, ही गोष्ट आम्हांला कोणत्याही घोषणेपेक्षा मोठी वाटते. त्या सोललेल्या तळव्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत दोन दिवस आली, आणि तिसऱ्या दिवशी दुसरी बातमी आली. चित्रकाराने नऊ महिन्यांनी तो मोर्चा पुन्हा उभा केला. वर्तमानपत्राला नऊ महिने थांबता येत नाही.

आता ज्यासाठी हे सारे सांगितले तेथे येतो. विलायतेत वेल्स म्हणून डोंगराळ मुलूख आहे. एके काळी तेथील कोळसा साऱ्या जगातल्या आगबोटी जाळीत. वऱ्हाडची रुई वाहणाऱ्या बोटींतही तो जळला असेल. तेथील कार्डिफ शहरात आर्टेस मुंडी नावाचे मोठे पारितोषिक दिले जाते. त्याच्या नवव्या खेपेला निवडलेल्या सहा कलावंतांत पाचपुते होते. २०२१ साली निकाल लागला तो असा की, परीक्षकांनी एकाला पहिला न ठरविता पारितोषिक सहाही जणांना दिले. बोनसच्या वाटणीत आयुष्य घालविलेल्या माणसाला हा निवाडा फार आवडला, हे कबूल करावयास हरकत नाही.

त्या प्रदर्शनासाठी पाचपुते यांनी वेल्सच्या खाणकामगारांचा इतिहास चाळला, त्यांच्या मोर्च्यांतले जुने बॅनर पाहिले, आणि त्यांतल्या खुणा आपल्या चित्रांत घेतल्या. हे बॅनर त्यांना मिळाले कसे? कामगारांनी ते जपून ठेवले होते म्हणून. वेल्सच्या खाणकामगारांनी आठवड्याच्या मजुरीतून पेनी-पेनी कापून घेऊन गावोगाव आपली सभागृहे आणि वाचनालये उभारली. अन्यूरिन बेव्हन हा तेरा वर्षांचा असताना खाणीत उतरलेला पोर ट्रेडेगरच्या अशाच वाचनालयात वाचून शहाणा झाला, आणि पुढे मंत्री होऊन १९४८ साली त्याने साऱ्या देशाला फुकट औषधपाण्याची योजना दिली. खाणी बंद पडू लागल्या तशी ही वाचनालयेही मोडू लागली. तेव्हा त्यांतली पुस्तके, बॅनर, कागद गोळा करून १९७३ साली स्वॉन्सी येथे साउथ वेल्स मायनर्स लायब्ररी स्थापन झाली. १९८४-८५ चा तो मोठा संप ते लोक हरले, खाणी गेल्या. पण बॅनर राहिले. म्हणून सास्तीच्या मुलाला हजारो कोसांवरच्या आपल्याच माणसांना भेटता आले.

चित्रे दाखवून झाल्यावर त्या शिक्षकाने आम्हांला सहज विचारले, "भाऊ, आपल्या युनियनचे जुने बॅनर कुठे आहेत?"

आम्ही गप्प बसलो. कारण ते कोठे गेले हे त्या खोलीत फक्त आम्हांला ठाऊक होते. काही वर्षांपूर्वी आमचे कार्यालय जुन्या बाडातून नव्या खोलीत हलविले. सामान फार, हातगाडी एक. मिनिटबुके घेतली, पावतीपुस्तके घेतली, कोर्टाचे कागद घेतले. लाल कापडाची सात-आठ मोठी बॅनरे एका पेटीत होती, कसर लागलेली. आम्ही स्वतः सांगितले की ती राहू द्या. दोन फाडून पुसायला घेतली, एक सिमेंटच्या पोत्यांवर पावसात टाकले, उरलेली भंगारवाल्याने पेटीबरोबर नेली. पेटी लोखंडी होती, तिचे पैसे आले.

त्यांत एक बॅनर होते. आमच्या पहिल्या मोठ्या संपाचे. गावातल्या दुकानांच्या पाट्या रंगविणाऱ्या एका पेंटरने एका रात्रीत काढलेले. त्याने मूठ काढली नव्हती. डोक्यावर कापसाचा भला मोठा पाटा घेतलेली बाई काढली होती, आणि तिचा चेहरा आमच्या जिनातल्या एका बाईचा होता, सगळ्यांनी ओळखला इतका. आम्ही त्या वेळी त्याच्यावर रागावलो होतो की ही काय घरगुती चित्रे, संप आहे की हळदीकुंकू? पैसेही त्याने घेतले नाहीत. त्या पेंटरचे आडनाव आज आम्हांला आठवत नाही. भेंडवळच्या मांडणीत मजुराची खूण नाही म्हणून आम्ही हळहळलो, आणि आमच्याच खोलीत ती खूण कापडावर रंगवून ठेवलेली होती, तिची आम्ही फडकी केली.

दुसऱ्या रविवारी आम्ही ही गोष्ट सगळ्यांना सांगितली. कोणी रागावले नाही, त्याचेच वाईट वाटले. परंतु त्यानंतर एकेक जण काही ना काही आणू लागला. एकाने गठाणीवर छाप मारण्याचा पत्रा आणला. एकाने जुन्या रेच्याचा चामड्याचा रूळ. आम्ही ज्यांना मावशी म्हणतो त्या एक वृद्ध बाई, कवडी कापूस निवडण्यात ज्यांची उमर गेली, त्या पदराच्या गाठीतून पितळी बिल्ला घेऊन आल्या. नंबर झिजलेला. म्हणाल्या, "हा कायले पायजे बाबू तुले? जिन तं कवाच बंद पडला." आम्ही म्हटले, मावशी, मांडून ठेवायचा आहे. त्यांनी बिल्ला टेबलावर ठेवला, मग उचलला, पदराने पुसला, आणि पुन्हा ठेवला. त्या संपाची गोष्ट निघाली तेव्हा त्यांनीच पेंटरची थोडी माहिती सांगितली. त्याचा मुलगा चिखलीकडे असतो असे त्यांना वाटते. पुढल्या आठवड्यात आम्ही तिकडे जाणार आहोत.

सध्या सगळे सामान युनियनच्या खोलीत आहे. अजून मांडलेले नाही, नुसते ठेवले आहे. कसे मांडावे हे आमच्याने ठरत नाही, आणि तो शिक्षक म्हणतो, घाई करू नका. पाचपुते यांना पत्र लिहावे असे काही जणांचे म्हणणे आहे. आमचे मत, आधी आपण चार वस्तू जमवू आणि मग लिहू. आपल्यापैकी कोणाच्या घरी जुना बिल्ला, हजेरीचे कार्ड, मोर्च्यातले कापड, मालकाची नोटीस, काहीही असेल तर रविवारी सकाळी दहानंतर खोली उघडी असते. मृगाआधी छपराचे दोन पत्रे तेवढे बदलावयाचे आहेत.